अर्ध्या करंगळीचा हात

लातूरहून नांदेडच्या अंगाने तेलंगणात माल नेणाऱ्या ड्रायव्हर मंडळींत शेषेरावला तोंडावरून ओळखणारे थोडे आणि हातावरून ओळखणारे जास्त. तोंड ओळखायचं तर माणसासमोर बसावं लागतं, आणि शेषेराव कुणासमोर फार वेळ बसणाऱ्यांतला नव्हता. पण त्याच्या गाडीमागे कधी ना कधी प्रत्येकजण अडकलेला होता. अशा वेळी ट्रकच्या उजव्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. उन्हाने रापलेला, मनगटात तांब्याचं कडं आणि करंगळी अर्धीच. तरुणपणी लातूरच्या अडत बाजारात पोती उतरवताना ट्रकच्या मागच्या फाळक्याची साखळी सुटली आणि अर्धी करंगळी तिथेच राहिली. उरलेल्या साडेचार बोटांनी त्याने एकतीस वर्षं लोकांना वाट दिली.

हात पालथा धरून दोनदा खाली दाबला म्हणजे थांबा, समोरून कुणीतरी येतंय. हात मागून पुढे लांब फिरवला म्हणजे निघा. एवढीच त्याची भाषा, पण ती त्याने कधी घाईत वापरली नाही. आधी लांब बघायचं, मग जवळ बघायचं, मग पुन्हा लांब बघायचं आणि मगच हात बाहेर काढायचा, असा त्याचा नेम होता. इंडिकेटर लावून साईड देणाऱ्यांचा त्याला राग यायचा. "दिव्याला काय कळतंय? लागला की लागला. हात कसा, चुकला तर मागं घेता येतो," असं तो म्हणायचा.

आपण मोटारीतली माणसं ट्रकला शिव्या देत पुढे निघून जातो. त्या ट्रकवाल्याने जाऊ दिलं म्हणून आपण धडपणे पुढे गेलो, हे आपल्या गावीही नसतं. शेषेरावला त्याचं काही वाटत नसे. कंधार तालुक्यातलं त्याचं गाव, चार एकर कोरडवाहू, ती भाऊ बघायचा. हा रस्त्यावर. मालाच्या वजनावरून गाडी कुठल्या चढाला दम खाईल ते त्याला आधीच कळायचं. टायरवर लोखंडी गज आपटून आवाजावरून तो हवा सांगायचा, आणि हवा भरणाऱ्याचं यंत्र त्याच्यापेक्षा वेगळं काही सांगू लागलं तर यंत्रच तपासायला लावायचा. अपघात दिसला की गाडी बाजूला घेऊन खाली उतरायचं, हाही त्याचा नेम. जखमी माणसं त्याने केबिनमध्ये घालून नेली होती आणि दोनदा त्यापायी पोलिसांत दिवस घालवला होता. "शेषेराव अण्णाचा हात दिसला की डोळे झाकून निघावं," असं ड्रायव्हर लोक म्हणत. हे ऐकून तो वरवर चिडायचा, आतून सुखावायचा.

डोळे झाकायची पाळी मात्र त्याच्यावरच आली होती. दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसायला लागलं होतं. पहिल्यांदा ते त्याच्या बायकोने, तारामतीने ओळखलं. हा चहा बशीत ओतायचा आणि निम्मा चहा बशीबाहेर जायचा. तिने त्याला धरून नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढून टाका, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. शेषेरावने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भाडं घेऊन निघून गेला. महिना-दीड महिना घरी बसलो तर शेठ गाडीवर दुसरा माणूस बसवणार, आणि बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. लायसन्ससाठी लागणाऱ्या डोळ्यांच्या दाखल्याच्या वेळी भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं त्याने आधीच्या माणसाकडून ऐकून पाठ केली आणि म्हणून दाखवली. डाव्या डोळ्याने भागतंय की, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. रस्ता तर त्याला पाठच होता. फक्त रस्त्यावरची माणसं रोज नवी असतात, एवढी गोष्ट तो विसरला.

मार्चातला सोमवार होता. लातूरच्या दालमिलमधून तूरडाळ भरून तो पहाटे निघाला होता, विजयवाड्याला जायचं होतं. नरसी मागे टाकून बिलोलीच्या दोन पदरी रस्त्याला लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि सूर्य काचेत समोर होता. मागे एक पांढरी छोटी मोटार बराच वेळ होती. आरशात चालवणारी बाई दिसत होती. आठ-दहा किलोमीटर ती मागे राहिली, पण एकदाही हॉर्न वाजवला नाही, की नाक पुढे घालून बघितलं नाही. शेषेरावला ते फार आवडलं. हल्ली असं थांबतं कोण? बिचारी बेजार झाली असेल, कुठंतरी वेळेत पोचायचं असेल, असं त्याच्या मनात आलं. वळण संपलं, सरळ रस्ता लागला. त्याने समोर बघितलं. उन्हाचा एक पांढरा पडदा होता आणि त्यात काही हलत नव्हतं. तीनदा बघायचं ते त्याने एकदाच बघितलं. भिडेखातर त्याने हात बाहेर काढला आणि मागून पुढे फिरवला.

मोटार लगेच बाहेर निघाली. ती त्याच्या केबिनच्या बरोबरीला आली आणि तेव्हा त्याला त्या पांढऱ्या पडद्यातून मोटारसायकल येताना दिसली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेली. हात अजून बाहेरच होता. तो मागे घेऊन आता काही उपयोग नव्हता. त्याने वीस टनांची गाडी डांबराखाली उतरवली, मुरमावरून न उलटता धरून ठेवली आणि मोटारीला आत यायला जागा करून दिली. ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मोटार आत वळलीही, पण तिचा मागचा कोपरा मोटारसायकलला लागलाच. मग कॅन डांबरावर आपटल्याचा आवाज आला, आणि आरशात रस्त्यावर पसरलेलं दूध दिसलं.

एकतीस वर्षांचा नेम होता, थांबायचं. त्याचा पाय ब्रेकवर गेलाही. पण त्याच घटकेला त्याला डॉक्टर आठवला, पाटीवरची पाठ केलेली अक्षरं आठवली, आणि पाय दुसरीकडे गेला. आरशातली मोटार बारीक होत होत दिसेनाशी झाली. बिलोली, मग बोधन, मग पुढे कुठल्या कुठे तो न थांबता गेला. गावातल्या कुठल्या माणसाने असं केलं असतं तर शेषेरावने त्याचं नाव टाकलं असतं.

खबर त्याला परतीच्या फेरीला कळली. नरसीच्या चौकातल्या हॉटेलात चौघं-पाचजण त्याच्यासोबत चहा पीत होते. त्यात उदगीरकडचा सिद्धलिंग होता, शेषेरावच्या हाताखाली गाडी शिकलेला. मोबाईलवर आलेली बातमी तो वाचून दाखवत होता. मोटार चालवणारी बाई म्हणजे विशाखा, बिलोलीजवळच्या जिल्हा परिषद शाळेतली मास्तरीण. नवरा लातूरला कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, म्हणून ती रविवारी तिकडे जाते आणि सोमवारी थेट शाळेवर येते. दूधवाला आदिनाथ, अठ्ठावीस वर्षांचा, रस्त्याकडेच्या वस्तीवरचा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाईवर गुन्हा दाखल झाला होता.

"बाईच्या हातात स्टेरिंग दिल्यावर दुसरं काय होणार?" एकजण म्हणाला. दोघं हसले.

"बाई तर म्हणायलीय, ट्रकवाल्यानं हात दावला म्हणून निघाले," सिद्धलिंग पुढे वाचू लागला. "पोलिस म्हणले, हाताला का नंबर असतोय? तर म्हणती, हातात तांब्याचं कडं होतं अन करंगळी..."

तिथे तो थांबला. हसणारे दोघंही थांबले. शेषेरावचा हात टेबलावर गिलासाभोवती होता, कडं आणि सगळं. कुणी वर बघितलं नाही. जो तो आपल्या गिलासात बघत बसला. मग एकाने डिझेलचा विषय काढला आणि बाकीच्यांनी तो घाईने उचलून धरला.

बाहेर आल्यावर सिद्धलिंग त्याच्या गाडीपर्यंत चालत आला. "अण्णा, थोडे दिस गिलास डाव्या हातानं धरत जा," तो हळूच म्हणाला. "आपल्यातलं कुणी काही बोलणार न्हाई. तुमी काळजी करू नका."

शेषेराव केबिनचं दार उघडून वर चढला. आयुष्यभर याने ज्यांना वाट करून दिली, तीच माणसं आता याला वाट करून देत होती. आणि त्यात वाईट असं की त्यांचं मन स्वच्छ होतं.

त्यानंतर त्याने हात बाहेर काढणं सोडलं. कडं काढून केबिनमधल्या डब्यात टाकलं. मागे रांगा लागायच्या, हॉर्न वाजायचे, पुढे निघून गेलेला माणूस काच खाली करून आईबहिणीवरून बोलायचा. शेषेराव सरळ समोर बघत चालवायचा. एकदा मुखेडजवळ एक ॲम्ब्युलन्स त्याच्यामागे अडकली. हात उचलेना. शेवटी त्याने अख्खी गाडी खाली उतरवून उभी केली, आणि ती गेल्यावर पंधरा मिनिटं त्याला गिअर टाकता आला नाही.

घरी त्याने तारामतीला सांगितलं ते दीड महिन्याने. सकाळची वेळ होती, ती अंगणात तुरी पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. सूप हातातच राहिलं.

"डोळ्याचं म्या किती डाव म्हणले तुमाला," असं म्हणून तिने सूप खाली ठेवलं. रागावली असेल म्हणून तो उठायला लागला, तर तिने त्याला हाताने बसवलं.

"पोलिस-फिलिस राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "त्या बाईला घरात कोण काय बोलत असंल ते मला इचारा. म्या पाण्याला नेलेली आपली म्हैस येशीपाशी विजेच्या तारेला चिकटून मेली, तवा तार पडली हुती रातीच, सगळ्या गावाला ठावं हुतं. तरी तुमची माय मरंस्तोवर म्हणत ऱ्हायली, ह्या सुनंनं म्हैस मारली. म्या शेवटाला सोताच म्हणू लागले, हाव, म्याच मारली आसंल. बाईमाणसाला खरं बोलून बोलून कटाळा येतो हो. मग ती मानून घेती."

"लायसन जाईल, तारा. केस व्हईल."

"व्हईल की," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. "आदुगर तिच्याकडं जा."

दुसऱ्या दिवशी तो एसटीने बिलोलीला गेला. डब्यातलं कडं त्याने पुन्हा मनगटात घातलं होतं. स्टँडवर त्याने पानवाल्याला विशाखा मॅडमचं घर विचारलं. "ॲक्सिडेंटवाल्या बाईंचं का?" असं म्हणून पानवाल्याने बोट दाखवलं. गावाने बाईला नवं नाव देऊन टाकलं होतं.

दार तिच्या सासऱ्यांनी उघडलं. वसंतराव तहसीलमधून निवृत्त झालेले, सभ्य, जपून बोलणारे गृहस्थ. अनोळखी ड्रायव्हर बघून त्यांना वाटलं, दूधवाल्याच्या बाजूने कुणी आलं. "हे पाहा, आम्ही वकिलांशी बोललो आहोत," ते दारातूनच म्हणाले. "आमचीच चूक आहे, आम्ही कुठे नाही म्हणतो? मी सूनबाईला शंभरदा सांगितलं होतं, एसटी आहे, एसटीने जात जा."

आतून विशाखा बाहेर आली. तिशीतली, उंच, वहीला लावायचं खाकी कव्हर तसंच हातात. तिने शेषेरावकडे बघितलं आणि तिला काहीच ओळख पटली नाही. पटणार कशी? तिने त्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

बोलायचं म्हणून शेषेरावने एसटीत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. मग त्याने सदऱ्याची बाही वर सारली आणि उजवा हात पुढे करून, त्या दिवशी फिरवला होता तसाच, मागून पुढे फिरवला.

विशाखाच्या हातातलं कव्हर खाली पडलं. ती त्या अर्ध्या करंगळीकडे बघत राहिली. "बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बघा. बघा तुम्ही." आणि ती रडायला लागली. दीड महिन्यात या घरात तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं, हे वसंतरावांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. ते मागे सरकून खुर्चीवर बसले.

"मला वाटायला लागलं होतं की मला भास झाला," ती डोळे पुसून म्हणाली. "रोज रात्री आठवायचे. हात होता की नव्हता? परवा वकिलांना म्हटलं, जाऊ द्या, हाताचं काढून टाका त्यातून."

"हात हुता, ताई. माझाच हुता. तुमी काही चुकल्या न्हाईत. मला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई अन म्या ते लपवून गाडी चालवून राहिलो."

तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला. पण तिने दुसरंच विचारलं. "तुम्ही थांबला का नाहीत?"

"भ्यालो," तो म्हणाला.

"मीही भ्यालेच होते," विशाखा म्हणाली. "आदिनाथचं डोकं मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसले होते. एकही गाडी थांबली नाही. मी तुमच्या ट्रकच्या दिशेने बघत होते. वाटत होतं, हा माणूस येईल. ज्याने जा म्हटलं, तो तरी येईल."

शेषेराव खाली मान घालून ऐकत होता. तिने मारलं असतं तर सोपं गेलं असतं असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "ठाण्यात जायलो. जबाब देतो. तुमाला आदी सांगावं म्हणून आलो. तिथून आदिनाथच्या घरी जातो."

"मी दोनदा गेले तिथे," ती म्हणाली. "त्याची आई दार उघडत नाही." मग ती वसंतरावांकडे वळली. "बाबा, गाडीची किल्ली द्या."

"मी ऑटो बोलावतो ना," वसंतराव म्हणाले. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. ते उठले, कपाट उघडलं, आणि किल्ली देताना तिच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत.

ज्या ठाण्यात गुन्हा नोंदवला होता ते नरसीच्या बाजूला, पंधराएक किलोमीटरवर होतं. तीच पांढरी मोटार होती, मागचा कोपरा ठोकून सरळ केलेला आणि त्यावरचा नवा रंग जरा वेगळा. शेषेराव तिच्या डाव्या बाजूला बसला. त्याला या बाजूला बसायची सवय नव्हती, पाय सारखे ब्रेक शोधत होते. विशाखा अपघातानंतर पहिल्यांदाच चालवत होती. दोन्ही हात स्टेअरिंगवर आवळलेले, वेग जेमतेम चाळीस.

गाव सुटल्यावर तीनेक किलोमीटरवर पुढे एक ट्रक लागला, सरकी भरलेला. तो तिच्यापेक्षाही हळू चालला होता. ती त्याच्यामागे लागून राहिली. थोड्या वेळाने ट्रकच्या उजव्या खिडकीतून हात बाहेर आला. आधी पालथा, दोनदा खाली दाबलेला. समोरून एक जीप गेली. मग हात थोडा थांबला, आणि मागून पुढे लांब फिरला.

शेषेरावने ती ढब ओळखली. हा गडी घाई करणारा नव्हता. लांब, जवळ, पुन्हा लांब बघूनच त्याने हात काढला होता. ही पद्धत या रस्त्यावर कुठून आली हे शेषेरावला सांगायची गरज नव्हती.

"जाऊ का?" विशाखाने विचारलं. आवाज अगदी बारीक आला.

शेषेराव पुढे वाकला, उजवा डोळा मिटून डाव्याने बघू लागला. या बाजूने ट्रकचा फाळका आणि सरकीची पोती सोडून काही दिसत नव्हतं.

"मला दिसत न्हाई, ताई," तो म्हणाला. ठाण्यात हे त्याला पुन्हा सांगावं लागणार होतं, आदिनाथच्या आईला सांगावं लागणार होतं, पण रस्त्यावर असताना हे त्याच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं.

विशाखाने वेग आणखी कमी केला. ट्रकमधला हात पुन्हा फिरला, आणखी एकदा फिरला, जरा रागानेच, आणि मग आत गेला. तो ड्रायव्हर केबिनमध्ये आपल्याशी काय पुटपुटला असेल तेही शेषेरावला ठाऊक होतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, तुझं काही चुकलं नाही.

पुढे वळण आलं तेव्हा सगळा रस्ता आडवा दिसला, आणि तो लांबपर्यंत मोकळा होता. विशाखालाही तो दिसला. तरी ती ठाण्यापर्यंत त्या ट्रकच्या मागेच राहिली.